रथसप्तमीचं वाण

आमच्या ह्यांना राग येतच नाही, असं ओळखीतलं कुणीही सांगेल. सगळी नोकरी वीज खात्यात गेली. तिथं लोक भांडायलाच येतात, तरी माझा नवरा कुणाला उलटून बोलला नाही. मला मात्र राग येतो, आणि आला की लवकर जात नाही. आता जे सांगणार आहे ते सगळं मी त्या रागापोटीच केलं. त्याची मला खंत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी माझ्या पश्चात्तापाची वाट बघत बसायला नको.

आम्ही बरकतपुऱ्यात राहतो. सासऱ्यांनी बांधलेलं दुमजली घर आहे, वर मोकळी गच्ची. आमची घरं निजामाच्या राज्यापासून इथली. आमच्या बोलण्यात उर्दू किती आणि तेलुगू किती हे आम्हाला कळत नाही, पुण्याहून आलेल्यांना मात्र पहिल्या वाक्यात कळतं आणि ते गालात हसतात. दोन गल्ल्या सोडून आमचं मराठी मंडळ आहे. एक हॉल, एक वाचनालय आणि वाचनालयात खिडकीपाशी एक लाकडी खुर्ची. निवृत्त झाल्यापासून हे रोज संध्याकाळी त्या खुर्चीत जाऊन बसायचे. मुंबई-पुण्याची एक दिवस शिळी वर्तमानपत्रं वाचायची, चहा प्यायचा, कुणाच्या घरचा फ्यूज उडाला असेल तर त्याला काय करायचं ते सांगायचं. एवढंच त्यांचं जग होतं. पण ते त्यांचं होतं. त्या खुर्चीत दुसरं कुणी बसत नसे.

मंडळाचे अध्यक्ष पुण्याचे, आयटीतले. बायकोचं माहेर हैदराबादचं म्हणून इकडे स्थायिक झाले आणि आमच्या घरासमोरच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, फ्लॅट घेतला. माणूस बोलण्यात चतुर. ह्यांना 'काका' आणि मला 'काकू' म्हणायचा, तेही अशा सुरात की आपण म्हातारे झालो आहोत हे विसरायला होऊ नये. त्यांची बायको मंडळाच्या महिला शाखेची प्रमुख. तिला मी मनातल्या मनात अध्यक्षीणबाई म्हणते, इथंही तेच म्हणेन. तिच्या भावाचा सोलरचा धंदा होता. त्यामुळे मंडळाच्या गच्चीवर सोलर बसवायचं निघालं तेव्हा काम कुणाला मिळणार हे विचारायची गरजच पडली नाही.

कल्पना वाईट नव्हती. उन्हाळ्यात कार्यक्रम ऐन रंगात आला की लाईट जायची, पंखे बंद, माईक बंद. सोलरवर बॅटऱ्या भरून ठेवायच्या आणि लाईट गेली की त्या चालवायच्या. अध्यक्ष ह्यांना म्हणाले, "काका, तुम्ही खात्यातले. काम होताना फक्त उभे राहा. तुमचं लक्ष असलं की आम्ही निर्धास्त." नवऱ्याला कोण आनंद झाला! भर उन्हात डोक्याला रुमाल बांधून हा माणूस तिथं उभा राहिला. पुढे दर रविवारी माझ्या जुन्या सुती साड्यांचे तुकडे घेऊन पॅनल पुसायला जायचे. पुसून परत आले की कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर समाधान.

मग पाडवा आला. मंडळाचा पाडव्याचा संध्याकाळचा कार्यक्रम म्हणजे सगळी मराठी माणसं एका छताखाली, अंबरपेठेपासून ते पार त्या उंच काचेच्या इमारतींपर्यंतची. हॉल गच्च भरला होता. गाणं सुरू असताना लाईट गेली. सगळ्यांनी मोठ्या अपेक्षेनं वर बघितलं. पंखे दोन-चार गिरक्या मारून थांबले, माईक खरखरला आणि मेला. बॅटऱ्या भरल्याच गेल्या नव्हत्या. अंधारात, त्या उकाड्यात, अध्यक्ष मंचावर गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "मंडळी, क्षमस्व. काकांच्या भरवशावर राहिलो, ही माझी चूक." आणि पहिल्या रांगेतून अध्यक्षीणबाईंचा आवाज आला, "ज्यांना जमत नाही त्यांनी जबाबदारी घेऊच नये ना!"

लोक हसले. फार नाही, थोडेसेच. पण अंधारात कोण हसलं हे दिसत नव्हतं, त्यामुळे सगळा हॉल हसल्यासारखं वाटलं. कार्यकारिणीतले सगळे तिथंच बसले होते. काम कुणी केलं, माल कुणी आणला, हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एकानं तोंड उघडलं नाही. हे माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी माझ्या हातातला पुठ्ठा घेतला आणि मला वारा घालायला लागले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि माझा नवरा मला वारा घालत होता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मंडळात जाणं सोडलं. कुणी विचारलं की सांगायचे, गुडघा दुखतोय. गुडघ्याला काहीही झालं नव्हतं. संध्याकाळ झाली की पायांत चप्पल घालायचे, दारापर्यंत जायचे, आणि चप्पल काढून परत येऊन बसायचे. हे मी रोज बघत होते. मी चिडून काही बोलले की म्हणायचे, "जाऊ दे. उगं कशाला परेशान होतेस?" जाऊ दे! आमच्या घरात मिठापेक्षा जास्त वापरला गेलेला शब्द असेल तो.

महिन्याभरात मंडळाच्या गच्चीवर नवे पॅनल आले. आणले कुणी, तर त्याच भावानं. आणि जुने? एका दुपारी अध्यक्षांचा फोन. "काका, जुने पॅनल तात्पुरते तुमच्या गच्चीवर ठेवतोय हं. तुमच्याकडे जागा आहे, आणि तसंही त्यांची जबाबदारी तुमचीच होती." ह्यांनी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर खाली टेम्पो उभा राहिला होता. माणसभर उंचीचे डझनभर पॅनल आमच्या गच्चीच्या कठड्याला टेकवून ठेवले गेले. तात्पुरते.

उन्हाळ्यात माझी गच्ची म्हणजे माझं राज्य. कुरडया, सांडगे, ज्वारीचे पापड, सगळं वाळवण तिथंच. त्या वर्षी अर्ध्या गच्चीवर ती काळी मढी उभी, आणि उरलेल्या अर्ध्यावर त्यांची सावली. दुपारी काच इतकी तापायची की शेजारून जाताना साडीला झळ लागायची. एकाची काच तडकलेली होती, तिचे बारीक कण पडायचे म्हणून मी अनवाणी फिरणं सोडलं. त्या वर्षी मुलीला कुरडया पाठवता आल्या नाहीत. तिला खरं कारण सांगितलं नाही. फोनवर तिनं बाबांच्या गुडघ्याची चौकशी केली.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. 'तात्पुरते' हा शब्द अध्यक्षांनी कुठल्या कोशातून घेतला होता कोण जाणे. शेवटी मी एका भंगारवाल्याला वर बोलावलं. त्यानं पॅनल बोटानं वाजवून बघितले आणि मान हलवली.

"अम्मा, फ्रेम लेतूं मैं. कांच कोई नै लेता. फ्रेम निकालके लेके जातूं, कांच तुमेच देखलेव."

"देखलेव म्हणजे? उसका करना क्या?"

"नाले में डालो, नै तो शहर के बाहर पत्थरां में फेंक के आव. सब वैसाच करते."

एवढं बोलून त्यानं एका पॅनलच्या कोपऱ्यातले स्क्रू काढलेसुद्धा. चौकटीची पट्टी सुटली, त्यानं ती तिरकी केली, आणि आतल्या पोकळीतून माझ्या गच्चीवर वाळू सांडली.

पिवळसर, पिठासारखी वाळू. बांधकामाची नव्हे, नदीचीही नव्हे. आपल्याकडे मुरूम आहे, खडक आहे, लाल माती आहे. अशी वाळू हैदराबादेत नाही. पण मी ती बघितली होती. जावई सैन्यात. त्याची बदली राजस्थानच्या टोकाला झाली तेव्हा मी मुलीकडे महिनाभर राहून आले होते. परत आल्यावर कितीतरी दिवस बॅगेच्या शिवणीतून, साडीच्या फॉलमधून, चष्म्याच्या डबीतून ही वाळू निघत होती. चिमटीत धरली की धरल्यासारखी वाटतच नाही. तीच ही.

मी भंगारवाल्याला स्क्रू परत लावायला सांगितले आणि त्याला चहा देऊन वाटेला लावलं. मग कितीतरी वेळ तिथंच बसून राहिले, कारण तिथलं एक दृश्य माझ्या डोळ्यांसमोर आलं होतं. जावयानं आम्हाला एकदा सोलरची शेती दाखवायला नेलं होतं. नजर पोचेल तिथपर्यंत निळ्या काचा. मला ते बघून भारी वाटलं होतं. परत येताना तारेच्या कुंपणाबाहेर जुन्या पॅनलचा ढीग दिसला. काही फुटलेले, काही अर्धे वाळूत बुडालेले, आणि त्यांच्या सावलीत शेळ्या बसलेल्या. "ह्यांचं पुढं काय होतं?" मी विचारलं. जावई म्हणाला, "काही गाडून टाकतात, काही चांगले दिसणारे ट्रक भरून शहरात विकतात. इथं विचारणारं कोण आहे, आई? वाळवंट आहे."

तेव्हा मी ते ऐकून सोडून दिलं होतं. आता गच्चीवर बसल्या बसल्या त्याचा अर्थ लागला. माणसं कचरा कुठं टाकतात? जिथून ओरडा होणार नाही तिथं. वाळवंट ओरडत नाही, म्हणून वाळवंटात. माझा नवरा ओरडत नाही, म्हणून माझ्या नवऱ्यावर. तिकडं वाऱ्यानं आणि वाळूनं वर्षानुवर्षं घासून निकामी झालेले पॅनल त्या भावानं उचलले, पुसले, वर चकचकीत स्टिकर लावला आणि नवे म्हणून मंडळाच्या गळ्यात मारले.

मी मूठभर वाळू एका वाटीत भरून खाली आणली आणि ह्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती बोटानं चाळवली.

"काच अंधुक होती," मग म्हणाले. "बसवायच्या दिवशीच मी बोललो त्यांना. म्हटलं, घासल्यासारखी दिसतेय. ते म्हणाले, काका, ही नवीन टेक्नॉलॉजी आहे, तुमच्या वेळची नाही."

"अहो, मग पाडव्याला सगळ्यांसमोर का नाही बोललात?"

"लाईट नव्हती. कोणाकडं बघून बोलणार?"

हे उत्तर ऐकून मला रडू आलं आणि रडता रडताच मी ठरवलं की आता जाऊ द्यायचं नाही. मला माफी नको होती. माफी अध्यक्षांनी फोनवर, घाईघाईत मागितली असती आणि ह्यांनी ती लगेच स्वीकारली असती. मला त्या लोकांच्या दारात तो कचरा बघायचा होता. आपल्या दारातली घाण दुसऱ्याच्या दारात लोटली की ती नाहीशी होत नाही, हे त्यांना उचलून, ओढून, घाम गाळून कळायला हवं होतं. पण पाठवणार कसे? टेम्पो करून पाठवले असते तर त्याच टेम्पोतून परत आले असते. परत करता येणार नाही अशी एकच वस्तू मला माहीत होती.

वाण.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू करायचं आणि येणाऱ्या बाईला काहीतरी वस्तू लुटायची. कधी वाटी, कधी डबा, कधी देवघरातलं निरांजन. कितीही निरुपयोगी असलं तरी घ्यायचं. माझ्या कपाटात अशा वाणाच्या चौदा साबणदाण्या पडून आहेत, एकीलाही मी कधी नाही म्हटलेलं नाही. वाणाला नाही म्हणणं कुठल्याच बाईला जमत नाही. ती मनात काहीही म्हणेल, पण हात पुढे करेल.

मी मुद्दाम रथसप्तमी निवडली. त्या दिवशी अंगणात सूर्यासमोर दूध उतू घालवतात. आम्हाला अंगण नाही, म्हणून आम्ही गच्चीवर करतो. म्हणजे बायकांना वर बोलवायला निमित्त आयतंच. कार्यकारिणीतल्या प्रत्येकाच्या बायकोला मी घरी जाऊन, कुंकू लावून आमंत्रण दिलं. अध्यक्षीणबाईंकडे सगळ्यात आधी गेले. त्या म्हणाल्या, "काकू, तुम्ही बोलावलंत, छान वाटलं. झालं गेलं विसरायला हवं." मी म्हटलं, "हौ ना. म्हणून तर बोलावतेय."

ह्यांना मी काही सांगितलं नाही. सकाळीच त्यांना काचीगुड्याला माझ्या दिराकडं पाठवून दिलं.

पॅनलवर मी जुन्या चादरी टाकून ठेवल्या होत्या. पुढं शेणीवर बोळकं ठेवलं, दूध तापत लावलं. बायका आल्या, पैठण्या नेसून, गजरे माळून. दूध वर आलं, उतू गेलं, सगळ्यांनी सूर्याला हात जोडले. मग हळदीकुंकू, तिळगूळ. आणि तिळगुळाच्या ताटात, हळदीकुंकवाच्या कोयरीशेजारी, मी ती वाळूची वाटी ठेवली होती.

"हे काय हो, काकू?" कुणीतरी विचारलंच.

"वाळू. राजस्थानची," मी म्हटलं. "आपल्या मंडळाच्या नव्याकोऱ्या पॅनलमधून निघाली." आणि चादरी ओढल्या.

मी सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. वाळू कुठली, ती मी कुठं बघितली, काच अंधुक का होती, माझ्या नवऱ्यानं पहिल्या दिवशी काय सांगितलं आणि त्याला काय उत्तर मिळालं, सगळं. मग पहिल्या पॅनलला हळदीकुंकू लावलं आणि म्हटलं, "यंदा माझं वाण हेच. जड आहे, म्हणून घरपोच देणार आहे. खाली ट्रॉली ऑटो उभी आहे."

दोघी हसल्या, थट्टा समजून. एक म्हणाली, "नक्को बाई, आमच्या फ्लॅटमध्ये ठेवायचं कुठं?" मला तो क्षण आजही आठवतो, कारण तेवढा एकच क्षण मला भीती वाटली. पण मंडळातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाई सुनेबरोबर आल्या होत्या, जुन्या मुख्याध्यापिका. त्यांचा मुलगा कार्यकारिणीत, पाडव्याला गप्प बसलेल्यांपैकीच. त्या काठी टेकत पुढं आल्या, पदर पसरला आणि म्हणाल्या, "दे गं मला. वाणाला नाही म्हणतात का? माझा मुलगा बघेल त्याचं काय करायचं ते. त्या दिवशी त्याला तोंड नव्हतं, आज हात तरी असतील."

त्यांनी घेतल्यावर बाकीच्यांची काय बिशाद! एकेकीनं पदर पुढं केला. अध्यक्षीणबाई शेवटच्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांच्यासाठी मी तीन काढून ठेवले होते, तडकलेला त्यातच. कुंकू लावताना मी म्हटलं, "तुमच्यासाठी तर हा माहेरचाच अहेर आहे. भावानं आणलेला. आवडीनं घ्या." त्यांनी माझ्याकडं न बघता पदर पुढं केला. दहा महिने त्या तोंडाची मी वाट बघितली होती. खोटं कशाला सांगू, मी पोटभर बघून घेतलं.

त्यानंतर काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं आणि प्रत्येक तुकडा मी चवीनं ऐकला. कचऱ्याच्या गाडीवाल्यांनी पॅनल घ्यायला नकार दिला. भंगारवाले फ्रेम मागायचे आणि काच तिथंच टाकू म्हणायचे. एक जण गौलीगुड्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात घेऊन गेला, तर तिथले लोक त्यालाच हसले. एकानं अंबरपेठेत रस्त्याकडेला गुपचूप टेकवून पळायचा प्रयत्न केला, तर तिथल्या बायकांनी त्याला हाका मारून, तेलुगूत चार शब्द सुनावून, परत गाडीवर चढवायला लावला. तिथं ओरडणारं कुणीतरी होतं ना! शेवटी सगळ्यांना एकच पत्ता आठवला. अध्यक्षांचा. वाण घरात घेऊन झालं होतं, ते पुढं कुठंही ठेवायला बंदी नव्हती. त्यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, त्यांच्या गाडीच्या जागेवर, एकेक पॅनल येऊन उभा राहू लागला. त्यांची मोठी गाडी रस्त्यावर आली. सोसायटीत भांडणं झाली. भावानं फोन उचलणं बंद केलं.

मग अध्यक्षांना स्वतः शोधाशोध करावी लागली. शहराबाहेर हे पॅनल उकलून काच वेगळी, धातू वेगळा करणारा एक कारखाना आहे. तो माल घेतो, पण रीतसर, नीट बांधून पाठवला तर. पॅनल आमच्या गच्चीवर टाकायच्या आधीसुद्धा तो होताच. फक्त शोधायचे कष्ट घ्यायला हवे होते. एका रविवारी मी खिडकीतून बघितलं, अध्यक्ष हातमोजे घालून, घामाघूम होऊन, पॅनलमध्ये पुठ्ठे घालून दोऱ्या बांधत होते. मी खुर्ची ओढून बसले आणि चहा तिथंच मागवला. ह्यांनी तो आणून दिला, एकदा बाहेर बघितलं आणि आत गेले.

पुढच्या सभेत अध्यक्ष म्हणाले, "मागे काकांच्या बाबतीत थोडा गैरसमज झाला होता, तो आता दूर झालाय." बस्स. गैरसमज म्हणे! जसा काही तो आपोआप कुठून तरी उडत आला होता. ह्यांना सल्लागार केलं, टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवसापासून हे पुन्हा संध्याकाळी चप्पल घालायला लागले आणि दारातून परत न येता मंडळात जायला लागले. गुडघा बरा झाला. मुलीला मी कळवलं.

एक पॅनल मात्र आमच्याकडं राहिला होता. तो अध्यक्षांच्या नावाचा. पुरुषांना वाण देत नाहीत, म्हणून तो वाटलाच गेला नाही. गच्चीच्या मागच्या भिंतीला टेकून उभा होता. रथसप्तमीनंतर काही दिवसांनी मी सकाळी कपडे वाळत घालत होते. समोरच्या इमारतीवरून ऊन आमच्या गच्चीवर आलं, पॅनलवर पडलं, आणि बघते तो त्याचा झगझगीत पट्टा थेट अध्यक्षांच्या बाल्कनीत. ते तिथं चहा घेऊन लॅपटॉप उघडून बसले होते. त्यांनी डोळ्यांवर हात धरला, खुर्ची सरकवली, मग उठून आत गेले. मला इतकं हसू आलं की हातातली चादर खाली पडली. त्या पॅनलला वीज करता येत नव्हती. ऊन मात्र फेकता येत होतं.

मी तो तसाच राहू दिला. दुसऱ्या दिवशी तिथं पडदा आला. मग बांबूची चिक. तरी फटीतून उजेड घुसायचाच. महिन्यानं अध्यक्षांचा फोन आला. "काकू, तुमच्या गच्चीवरचं ते जरा... सकाळी फार त्रास होतो हो. मी त्या कारखान्याला कळवू का?"

"तुमचा काहीतरी गैरसमज होतोय," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मला एवढंच वाटायचं की नशीब जोरावर आहे. फाल्गुन गेला, पाडवा होऊन गेला, ऊन कुठल्या कुठं सरकलं, दोरीवरच्या कपड्यांची सावलीसुद्धा जागा बदलून बसली. पण समोरच्या बाल्कनीतला तो पट्टा काही हलला नाही. रोज सकाळी त्याच वेळी, त्याच खुर्चीवर. मी म्हणायचे, देव आहे.

मग वाळवणाचे दिवस आले. कुरडयांचा चीक घेऊन मी एके सकाळी नेहमीपेक्षा लवकर गच्चीवर गेले. माझा नवरा पॅनलपाशी उकिडवा बसला होता. ज्याला कधी राग येत नाही तो. पॅनलच्या एका कोपऱ्याखाली विटा रचलेल्या होत्या आणि जमिनीवर खडूच्या रेघा होत्या, एकीशेजारी एक, पुसट, ठळक. त्यांनी पॅनल किंचित वळवला, कठड्यापाशी जाऊन एक डोळा मिटून समोर बघितलं, परत आले आणि अजून थोडा वळवला. मला बघून दचकले नाहीत.

"अहो, हे काय?"

"सूर्य सरकतो ना," ते म्हणाले. "उत्तरायण चालू आहे. आठवड्याला थोडं थोडं वळवावं लागतं."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. एवढी वर्षं मी ह्यांच्याबरोबर काढली.

"आणि दक्षिणायन लागल्यावर?"

"उलट्या बाजूनं." त्यांनी हाताला लागलेली धूळ झटकली आणि समोर बघितलं. चिकेमागे कुणीतरी खुर्ची सरकवत होतं. "त्या दिवशी मंचावरून म्हणाले होते ना? तसंच एकदा सगळ्यांसमोर म्हणू दे, चूक आमची होती. मग काढतो."

"आणि नाही म्हणाले तर?"

"काच फुटलेली नाहीये," ते म्हणाले. "अजून बरीच वर्षं जाईल. एक वीट कमी पडतेय फक्त."

मी खाली गेले आणि वीट घेऊन आले.